मापाचे हातमोजे

हेल्मेटचा पट्टा तिला सुटेना. एवढंच झालं. सोमवारी सकाळी दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुनेनं गाडी लावली, मी उतरले, ती उतरली, आणि हातमोजे काढून हनुवटीखाली दोन्ही हात नेऊन ती चाचपडत राहिली. मी माझ्या गुडघ्यांवरचं रबरी पांघरूण सोडत होते, त्यामुळे आधी लक्ष गेलं नाही. मग ती म्हणाली, "आई, जरा सोडता का हो हे?" मी म्हटलं, "का गं, आज काय लाडात आलीस?" आणि पट्टा सोडायला हात घातला तर तिची बोटं मध्ये आली. बोटं कसली, मेणबत्त्या. पांढरी, टणक, आणि अशी गार की मी हात मागे घेतला. ती हसली. "झोपलीत अजून," म्हणाली, "उठतील आता." मी चिमटीत धरून एका झटक्यात पट्टा सोडला. साठी उलटलेली बाई मी, सांधे कुरकुरतात, तरी माझा हात गरम होता. नुसता गरम नाही, नुकताच चुलीजवळून उठल्यासारखा. तिनं हेल्मेट माझ्या हातात दिलं, केस सारखे केले आणि अंगण ओलांडून गेली, हात काखेत दाबून. मी तिथंच उभी. एकाच गाडीवर, एकाच रस्त्यानं, तीच चाळीस मिनिटं दोघी आलो. मग माझा हात गरम कसा आणि तिचा गार कसा, हे साधं गणित मला तीन हिवाळे सुचलं नव्हतं.

मी चार यत्ता शिकले. पण दवाखान्याच्या शिवणखोलीत मला एकतीस वर्षं झाली, आणि त्या खोलीतून उसवलेली चादर बाहेर गेली असं दाखवून द्यावं कुणीही. डॉक्टरांचे डगले, रोग्यांचे झगे, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं माझ्या हाताखालून जातं. माझ्या हाताला एक खोड आहे, आणि तिचा मला अभिमान होता: मी सैल शिवत नाही. सैल शिवण म्हणजे आळशी बाईचं काम, असं मी हाताखालच्या पोरींना सुनावते. कापड अंगाशी बोललं पाहिजे. तर सून लग्न होऊन आली, त्याच दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर, स्वतःची मोटारसायकल घेऊन आली, आणि पहिल्याच हिवाळ्यात मी तिला सांगितलं की गाडी तुझी, पण थंडीचा बंदोबस्त माझा. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या बोळकंडीवजा व्हरांड्यात ती दोन्ही हात पसरून उभी राहते आणि मी तिला बांधते. आधी बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर, छातीवर वर्तमानपत्राचे चार ताव घडी करून, कारण कागदाइतका वारा काहीच अडवत नाही. त्यावर जॅकेट, ज्याच्या प्रत्येक शिवणीवर मी आतून मेणबत्ती घासली आहे. पायात एक मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर दुसरा मोजा, मग बूट. गळ्याशी फडकं दोनदा गुंडाळून टोकं आत खोचायची, नाहीतर पावसाचं पाणी हेल्मेटवरून ओघळतं आणि नेमकं मानेतून पाठीत उतरतं. मुलगा छापखान्यात दुपारपाळीला असतो, चालत जातो, म्हणून सकाळी चहाचा कप घेऊन दारात टेकून आमची गंमत बघतो. "पार्सल झालं का तयार?" विचारतो. "वर पत्ता लिहा, नाहीतर परत यायचं." मी म्हणते, "तू कप विसळून ठेव, पत्त्याचं मी बघते." आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. ते तर माझं नाक. दवाखान्यातल्या जुन्या कातडी पट्ट्यांपासून बेतलेले, आत मऊ कापड, एकेका बोटाचं माप दोऱ्यानं घेतलेलं. घालताना ओढून घालावे लागतात, पण घातले की हातच वाटतात. वॉर्डातल्या सिस्टर बघून म्हणाल्या होत्या की असे दुकानात मिळायचे नाहीत. मिळणार कुठून?

त्या सोमवारी शिवणखोलीत जाऊन मशीनवरचं झाकण काढलं आणि बसवेना. शिवणखोली आणि धुलाईखाना यांच्यामध्ये एक काचेची खिडकी आहे, वाफेनं कायम धुरकट असते. मी बाहीनं तिचा एक कोपरा पुसला, का पुसला मलाच ठाऊक नाही, आणि पलीकडे सून दिसली. गरम पाण्याच्या टबापाशी पालथ्या बादलीवर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. बोटांत रक्त परत येताना कसं दुखतं ते मला माहीत आहे, टाचण्या टोचल्यागत. तिचं तोंड तसंच झालं होतं. मी हलले नाही. ती पाच मिनिटं बसली, दहा मिनिटं बसली, मग उठून हात पुसले आणि गेली. इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर एक बाई आहे, तिला सगळे वाफवाली म्हणतात, तिचा आवाज यंत्राच्या वर जातो. मी तिच्याकडे गेले. म्हटलं, "काय गं, माझी सून काय करत होती इथं?" ती म्हणाली, "आज दिसली होय तुम्हाला? रोज येते की. थंडी सुरू झाली की रोज. पोराचं रक्त काढायचं तर शीर बोटाला लागायला नको? गार बोटांना काय लागतंय. आणि पोरंही किंचाळतात गार हात लागला की." माझं तोंड बघून वाफवालीला चेव आला. "आता सुटेल म्हणा बिचारी. तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात जागा आहे ना तिला? चालत पंधरा मिनिटं. मोठ्या सिस्टरनी शुक्रवारपर्यंत सांग म्हटलंय. तुम्हाला सांगितलं असेलच की." मी म्हटलं, "सांगितलंय तर. घरात काय होतं ते मला तुझ्याकडून कळायची वेळ नाही आली." आणि ताठ मानेनं परत आले. काहीच सांगितलं नव्हतं सुनेनं.

दिवसभर मी अभ्रे शिवले. अभ्र्याला डोकं लागत नाही, चार सरळ शिवणी, त्यामुळे डोकं नको तिथं जातं. ती गेली तर मी कशी येणार? दोन बस, मध्ये उभं राहायचं उघड्यावर, दोन तास जायला, दोन यायला. पूर्वी तसं केलंय, पण आता हे गुडघे चार दिवस टिकायचे नाहीत. म्हणजे घरी. घरी म्हणजे खिडकीशी, मशीनवाचून, हाताखाली कुणी पोर नाही जिला म्हणावं, ही टीप आहे की मुंग्यांची रांग? मुलगा म्हणेल, आई, आता आराम कर. आराम हा शब्द मला औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा वाटतो. पण खरं सांगायचं तर घराची भीती मागाहून आली. आधी आली ती लाज, आणि लाज मला सवयीची नाही. माझी ऊब कुठून येत होती ते आता कळत होतं. मी समजत होते की ती माझ्या शिवणीची, माझ्या मेणाची, माझ्या कागदाच्या तावांची. ती तिच्या पाठीची होती. सगळा वारा ती खात होती आणि मी मागे बसून स्वतःची पाठ थोपटत होते. मग आमचे हे आठवले. त्यांच्यामागे मी याच दवाखान्यात बारा वर्षं आले, त्या जुन्या खटाऱ्यावर. त्यांनाही मीच हातमोजे शिवले होते, असेच, मापाचे. आणि हे प्रत्येक सिग्नलला काय करायचे, तर हातमोजे दाताने ओढून काढायचे आणि खाली वाकून इंजिनाला हात लावून बसायचे. मी म्हणायची, "काय हो, चाळा लागलाय तुम्हाला, म्हशीला थोपटल्यासारखे सारखे थोपटता गाडीला." ते म्हणायचे, "बरं वाटतं जरा." बारा वर्षं बरं वाटतं जरा. आता विचारायला माणूस नाही. मशीनची सुई अभ्र्यातून जात होती आणि मला वाटत होतं की आयुष्यात मी जे जे घट्ट शिवलं ते एकेक उठून माझ्याकडे बघतंय.

संध्याकाळी घरी भाजी निवडताना मी विचारलं. जागेचं विचारणार नव्हते, ते तिनं आपणहून सांगावं. मी हातमोज्यांचं विचारलं.

"कसे होतात गं ते?"

"छान होतात आई."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... छान."

"हे बघ, मी डॉक्टर नाही आणि तू रोगी नाहीस. कुठं दुखतं ते नीट सांग."

ती शेंगेची शीर ओढत राहिली. मुलगा कामावर होता, घरात आम्ही दोघीच. मग म्हणाली, "जरा घट्ट होतात. बोटांना जागा राहत नाही. रक्त फिरायला थोडी हवा लागते आत. त्या हवेचीच ऊब असते खरं तर."

"कधीपासून घट्ट होतात?"

"पहिल्यापासून."

"आणि तीन हिवाळे घालतेस?"

"तुम्ही रात्रीचा दिवस करून शिवलेत, दोऱ्यानं माप घेऊन. आणि सगळ्यांना दाखवायला लावता."

"मी कधी लावलं?"

तिनं नुसतं बघितलं. मी शेंगांचं पाणी ओतायला उठले. लावते खरी मी. सिस्टर दिसली की म्हणते, हात दाखव गं जरा.

मंगळवारी जाताना मी रस्ता बघायला लागले. एरवी मी रस्ता बघत नाही. सुनेच्या खांद्यामागे डोकं घातलं की रस्ता तिचा. पण त्या दिवशी मान काढून बघितलं तर धुकं जमिनीलगत होतं, दुकानांच्या पाट्या तरंगत होत्या, आणि गाडीवरचा प्रत्येक माणूस थंडीशी आपापल्या परीनं भांडत होता. एकानं गुडघ्यांना पोती बांधली होती. एक बाई सिग्नलला हात चोळून चोळून तोंडाशी नेत होती. आणि एक टपालवाला रोज दिसतो, त्याच्या हँडलच्या दोन्ही मुठींवर काळ्या फुगीर पिशव्या असतात, हात त्यांच्यात घातलेले. त्याला मी तीन हिवाळे हसत आले होते. "बघ, उशा बांधल्यात मेल्यानं," असं सुनेला म्हणायची, "शिवण बघ, बोकडाच्या पोटासारखी." त्या दिवशी तो नेमका सिग्नलला शेजारी येऊन थांबला. मी विचारलं, "अहो, आत काय आहे?"

तो म्हणाला, "माझे हात आहेत, मावशी."

"ते कळलं हो. अस्तर कसलं आहे?"

"जुनी गोधडी. बायकोनं शिवलंय. दिसायला गबाळं आहे, पण आत बघा." आणि त्यानं एक हात काढून पुढे केला. हातमोजा नाही, काही नाही, उघडा हात. मी माझं बोट लावून बघितलं. तव्यावरून उतरलेली भाकरी. मी म्हटलं, "बायकोला सांगा, चांगलं शिवलंय." सुनेनं हेल्मेटसकट मागे वळून बघितलं. मी कुणाच्या शिवणीला चांगलं म्हणाले हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मोठ्या सिस्टरना विचारून मी बाद झालेली रबरी चादर आणि विटकं ब्लँकेट घरी आणलं. कागदावर आकार काढला, कापलं, हातानं शिवलं, बुधवारी रात्री गाडीच्या मुठीवर चढवून बघितलं. इतकं नेटकं बसलं की माझा मलाच आनंद झाला. मग मी स्वतः गाडीवर बसले, हात आत घातला आणि कळलं की मी पुन्हा हातमोजाच शिवला आहे, फक्त मोठा. बोटं ब्रेकवरून उचलायला जागा नाही. बसल्या जागी मला रडू यायला लागलं, आणि मी काही रडणारी बाई नाही. मुलगा पाळीवरून अंगणात आला. म्हणाला, "आई, गाडीवर बसून कुठं निघालीस?" मी म्हटलं, "तुझ्या वडिलांकडे. त्यांना एक विचारायचंय." त्यानं पिशवीत हात घालून बघितला. तो छापखान्यातला माणूस, त्याला यंत्राची अक्कल आहे. म्हणाला, "दुप्पट मोठी कर. आणि हे बघ, वाऱ्यानं कापड मागे दाबलं तर ब्रेक आपोआप लागेल. पुढून काहीतरी कडक घाल." दुप्पट. मी उसवायला बसले. उसवणं सोपं नसतं, टीप माझी होती, बारीक आणि घट्ट, पातं टोचून टोचून एकेक टाका काढावा लागला. दुप्पट बेतताना हात आपोआप आत यायचा, कात्री रेघेच्या अलीकडून जायची. मी स्वतःला मोठ्यानं म्हणायची, बाहेर, बाहेर, अजून बाहेर. पुढच्या बाजूला साबणाच्या पावडरीच्या डब्याचं प्लास्टिक कापून शिवलं, म्हणजे वारा कितीही आला तरी कापड ब्रेकला टेकणार नाही. आरशाच्या दांड्याला भोक, त्याभोवती दोरी. शिवणींवर मेण. गुरुवारी संध्याकाळी दोन्ही पिशव्या चढवल्या. इतकी कुरूप वस्तू माझ्या हातून आजवर निघाली नव्हती. गाडीला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं.

सून दारात येऊन बघत राहिली. हसू दाबत होती. मी म्हटलं, "हस. मोकळी हस. पण एक ऐक, तू कुठंही कामाला जा. इथं जा, तिथं जा, चालत जा. या पिशव्या तुझ्या हातांसाठी आहेत, मला मागे बसवण्याची लाच नाही." एवढं बोलून मी आत गेले आणि दार जरा जोरातच लागलं. जागेचं मला ठाऊक आहे हे आता तिला कळलं होतं. ती मागोमाग आली नाही. जेवतानाही तिनं जागेचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि ते मला त्या रात्री नको होतं.

शुक्रवारी पाऊस. हिवाळ्यातला, बारीक, तिरका, दिसत नाही पण सुईसारखा लागतो. मी तिला बांधली, चार ताव, पायांत पिशव्या, मोजे, गळ्याशी फडकं दोनदा. हातमोजे खुंटीवर राहिले. मुलानं काही थट्टा केली नाही, म्हणजे त्यालाही शुक्रवारची मुदत ठाऊक होती. निघालो. पिशव्या वाऱ्यात फुगत होत्या पण टेकत नव्हत्या, मी तिच्या खांद्यावरून बघून घेतलं. रेल्वेच्या पुलाखालून गेलो, तिथं पाणी साचतं, तिनं गाडी हळू काढली. माझ्या गुडघ्यांवर पाऊस पडत होता आणि रबरावरून घरंगळून जात होता. मी मनात दिवस मोजत होते, की आज शुक्रवार, महिनाअखेरीला किती उरले, आणि मग त्या खिडकीशी कोणती खुर्ची ठेवायची. मोठ्या चौकात सिग्नल लागला. तिनं पाय टेकला, डावा हात पिशवीतून काढला आणि मागे न बघता माझ्या गालावर ठेवला. भर चौकात. उघडा, कोरडा, गरम हात. मी म्हटलं, "पुरे, लोक बघतात." तिनं हात काढला नाही.

"मी मोठ्या सिस्टरना नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

खिडकीशी ठेवायची ती खुर्ची डोक्यातून गेली, आणि लगेच अभिमान वर आला. पिशव्या लागू पडल्या तर! मी म्हटलं, "बघितलंस ना? एकदा हात गरम राहिले की—"

"आज नाही सांगितलं. मागच्या आठवड्यातच सांगितलंय. त्या म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत विचार कर. मी म्हटलं, झालाय विचार."

मागच्या आठवड्यात. म्हणजे पट्टा अडकायच्या आधी, टपालवाल्याच्या आधी, रबरी चादरीच्या आधी. बोटं मेणबत्तीसारखी होत असताना, रोज त्या टबात हात घालून बसत असताना. माझ्या पिशव्यांचा तिथं काही संबंध नव्हता.

"वेडी आहेस का तू?" मी म्हटलं. "घराजवळची जागा, चालत पंधरा मिनिटं. कशासाठी नाही म्हणालीस?"

"वॉर्डात दिवसभर पोरं रडतात, आया बोलतात, डॉक्टर बोलतात. घरी तुम्ही बोलता." तिनं हात पुन्हा पिशवीत घातला. "गाडीवर चाळीस मिनिटं तुम्ही जवळ असता, आणि बोलत नाही. तेवढंच मला हवं असतं."

काय काय आलं माझ्या तोंडाशी! एकतीस वर्षं पोरींना सुनावत आलेली बाई मी, मला उत्तराची कधी वाण पडली नाही. आणि आत कुठंतरी हसू उसळत होतं, कधीचं दाबलेलं असावं तसं. सिग्नल सुटला. तिनं गाडी पुढे घातली, पाऊस तिरका आला, मी तिच्या कमरेला हात घातले, आणि पुढची पंधरा मिनिटं, दवाखाना येईपर्यंत, तोंडातून अक्षर काढलं नाही.